चावी हातातच होती

"गाडी म्हणतेय चावी नाहीये. अरे, चावी माझ्या हातात आहे!" ताईचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात रागापेक्षा अपमान जास्त होता. ऑफिस सुटून बराच वेळ झालेला, पार्किंगमधल्या बाकीच्या गाड्या एकेक करत निघून गेलेल्या, आणि ही आपल्या गाडीत काचा लावून बसलेली. दार नेहमीसारखं हँडलला हात लावताच उघडलं होतं. आत बसून, ब्रेक दाबून तिने बटण दाबलं, तर समोर अक्षरं उमटली: चावी सापडत नाही. तिने गिअरजवळच्या खोबणीतली चावी उचलली, उलटसुलट केली, परत ठेवली, पुन्हा बटण दाबलं. तेच उत्तर. मग एका हातात चावी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन ती माझ्याशी बोलायला लागली, तेव्हाही तो संदेश समोर होताच. मी म्हटलं, "चावीची चिन्ह असलेली बाजू बटणाला टेकव आणि चावीनेच बटण दाब." पलीकडून इंजिनाचा आवाज आला. "झाली सुरू," ती म्हणाली, पण सुटका झाल्याचा आनंद त्यात नव्हता. "हे असं रोज करायचं का आता?"

तिचं ते पहिलं वाक्य नंतर बरेच दिवस मला खुपत राहिलं. गाडी रुसणं काही नवीन नाही. टायर बसतो, बॅटरी उतरते, आपण वैतागतो आणि कामाला लागतो. पण आपली वस्तू आपल्या मुठीत असताना यंत्राने ती नाहीच म्हणावं, हे जरा वेगळं दुखणं आहे. पूर्वी चावी फिरवावी लागायची, ती आपली कृती असायची. आता आपण काहीच करत नाही, नुसते जवळ असतो. गाडी हजेरी घेते आणि आपण हजर असतो, एवढ्यावर सगळं चालतं. त्यामुळे हजेरी नाकारली गेली की माणूस गाडीआधी स्वतःलाच तपासायला लागतो. खिसे चाचपतो, पर्स उलटी करतो, हीच चावी ना, म्हणून चावीकडे निरखून बघतो. ताईसारखी शांत बाईसुद्धा त्या दहा मिनिटांत हवालदिल झाली होती, आणि तिच्याजवळ तेव्हा कोणीही नव्हतं.

बाबांच्या जुन्या गाडीची चावी मला अजून बोटांना आठवते. तिचे दात झिजून गुळगुळीत झालेले. कुलपात पूर्ण आत घालून मग केसभर मागे ओढली तरच फिरायची. ती खोड बाबांच्या हाताला इतकी सवयीची होती की दुसऱ्या कोणाला गाडी दिली, तरच तिची आठवण निघायची. पण ती चावी बोलकी होती. फिरलीच नाही तर कुलूप किंवा स्टीअरिंग अडलंय. फिरली आणि काहीच झालं नाही, तर बॅटरीचं टर्मिनल सैल. एकच 'टक' झालं तर सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरपर्यंत, करंट जातोय, पण जोर नाही. 'घर्र… घर्र…' असा जड आवाज म्हणजे बॅटरी थकली. बाबा बॉनेट उघडायच्या आधीच निम्मं निदान करून मोकळे व्हायचे, आणि ते करताना त्यांचा हात चावीवरच असायचा. बटणाला असं काही सांगता येत नाही. ते दर वेळी सारखंच दबतं.

गाडी बटणावर सुरू करणं मुळात तसं जुनंच. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने तयार केलेला विजेवर चालणारा सेल्फ १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारताना मनगट मोडून घ्यायचे दिवस सरू लागले. त्यानंतर कित्येक वर्षं सेल्फसाठी वेगळं बटण किंवा पायाखालचा खटका असायचा. चावी फिरवून इग्निशन आणि सेल्फ एकाच झटक्यात चालवायची सोय क्रायस्लरने १९४९मध्ये आणली. १९९८च्या सुमारास मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये खिशातल्या चावीवर चालणारी व्यवस्था आली आणि बटण परत आलं. या वेळी मात्र त्या बटणामागे एक संभाषण बसवलेलं होतं, आणि ताईच्या गाडीत नेमकं तेच कुठेतरी तुटत होतं.

हे संभाषण ऐकू येत नाही, म्हणून ते आधी मनात उभं करावं लागतं. दाराच्या हँडलला हात लागला किंवा बटण दाबलं की गाडी हळू कंपनांच्या लहरींत हाक घालते. बहुतेक गाड्यांत ही हाक १२५ किलोहर्ट्झच्या आसपास असते. त्यासाठीचे अँटेना दारांच्या हँडलांत, आत डॅशबोर्डखाली, सीटजवळ, डिकीत असे विखुरलेले असतात. चावी बाहेर आहे की आत, हे गाडीला त्यांच्यावरूनच कळतं. या हाकेचा पल्ला मुद्दाम तोकडा ठेवलेला असतो. जवळच्या चुंबकीय क्षेत्राचा गुणधर्मच असा आहे की अंतर दुप्पट झालं की जोर आठव्या हिश्शावर येतो, म्हणून मीटर-दीड मीटरपलीकडे चावीला काहीच ऐकू जात नाही. हाक ऐकली की चावी जागी होते, हाकेतलं कोडं सोडवते आणि उत्तर देते ते मात्र वेगळ्याच वाटेने: कुठे ४३३, कुठे ३१५ मेगाहर्ट्झवर. ही वाट पुष्कळ लांब जाते. चावीवरचं बटण दाबून आपण लांबून लॉक उघडतो ते याच वाटेने.

जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी आहे, हे एकदा लक्षात आलं की निदानाला धागा मिळतो. लांबून बटण दाबल्यावर दार उघडतंय, पण आत बसल्यावर गाडी चावी ओळखत नाही, असं असेल तर चावीचं तोंड शाबूत आहे आणि तिच्या कानाशी काहीतरी बिनसलंय. उलट, बटणावरचा पल्लाही दिवसेंदिवस कमी होत चाललाय, अगदी गाडीशी जाऊन दोन-तीनदा दाबावं लागतंय, तर सेल संपत आलाय. आणि याशिवाय तिसरी एक वाट असते. चावीच्या पोटात एक छोटी चिप असते, तिला सेल लागतच नाही. बटणाभोवतीच्या किंवा ठरावीक जागेच्या कॉइलजवळ चावी नेली की त्या कॉइलच्याच शक्तीवर ही चिप आपली ओळख पटवते. ताईने चावी टेकवल्यावर गाडी सुरू झाली ती या वाटेने, निदान तेव्हा तरी मी असंच समजलो. प्रत्येक गाडीत ही जागा वेगळी असते. कोणाची बटणावर, कोणाची स्टीअरिंगच्या दांड्यावर, कोणाची हातठेवणीतल्या कप्प्यात. ती जागा गाडीच्या पुस्तिकेत एका ओळीत दिलेली असते, आणि अंधारात अडकलेल्या माणसाच्या हाताशी ती पुस्तिका असली तरी ती ओळ सापडत नाही. हे मला फार लागतं. गाडी ताब्यात देताना जो तास-दीड तास स्क्रीन आणि गाणी दाखवण्यात जातो, त्यात ही एक गोष्ट प्रत्येकाच्या हाताने करून घ्यायला हवी.

पहिला संशय अर्थातच सेलवर. ताईच्या घरी दिव्याखाली बसून चावी उघडली. बाजूची कळ दाबून आतलं लोखंडी पातं बाहेर ओढलं. त्याच्या जागी एक बारीक खाच दिसली. पात्याचंच टोक त्या खाचेत घालून हलकं पिळलं, तशी चावी दोन शिंपल्यांत उघडली. कडेने रबराची पातळ चौकट होती, पाणी आत जाऊ नये म्हणून. ती निसटली होती, परत खाचेत बसवली. सेल सीआर२०३२. या आकड्यांतच त्याचं माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर२०२५ दिसायला जवळपास तसाच, पण पातळ, आणि तो घातला तर स्प्रिंगचा स्पर्श कधी होतो, कधी होत नाही. नवा सेल मी कापडाने धरून कडेवरून बसवला, कारण दोन्ही सपाट बाजूंना एकदम बोटं लागली की त्यांच्यावरचा तेलकट थर स्पर्शाच्या जागी राहतो. आतल्या दोन पितळी जिभा किंचित वर उचलल्या. जुना सेल मीटरवर २.९ व्होल्ट दाखवत होता. हे सेल रिकामे बसलेले असताना धडधाकट दिसतात आणि काम पडलं की मान टाकतात, म्हणून त्या आकड्यावर फारसं विसंबता येत नाही. चावी मिटताना 'टप' असा आवाज आला, ताईने गाडीपाशी जाऊन बटण दाबलं, सुरू झाली. आठवडाभर काही कुरकुर नव्हती.

मग परत फोन आला. पुन्हा तेच. पण या वेळी मी काही सांगायच्या आतच ती म्हणाली, "थांब, झाली सुरू. तुला फोन लावला की बरोबर ऐकते बघ ही."

अधूनमधून येणारा बिघाड माणसाला फार छळतो. तो मेकॅनिकसमोर कधीच येत नाही. गाडी दारात उभी करावी, त्याने बटण दाबावं, ती पहिल्या फटक्यात सुरू व्हावी, आणि त्याने आपल्याकडे सहानुभूतीने बघावं. मी एकेक गोष्ट बघत गेलो, आणि एका वेळी एकच. गाडीची मोठी बॅटरी आधी, कारण ती दुबळी झाली की आतले संगणक भलतेसलते संदेश देऊ लागतात आणि 'चावी सापडत नाही' हा त्यांतलाच एक. रात्रभर उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट होते, पूर्ण भरलेल्या बॅटरीचे १२.६ असतात, म्हणजे तिथे काही नव्हतं. बटण दाबल्यावर दिवे लागतात पण इंजिन हलत नाही, असा प्रकार असता तर ब्रेकचा स्विच बघितला असता. पाय ठेवल्यावर मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का, एवढं पाहिलं तरी बऱ्याचदा कळतं. उभ्या गाडीत ब्रेक पुनःपुन्हा दाबला की पेडल दगडासारखं कडक होतं आणि हलक्या पायाच्या माणसाचा दाब स्विचपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा नेटाने दाबावं लागतं. चाकं वळवून उतारावर लावलेल्या गाडीत स्टीअरिंगचं कुलूप ताणात अडकतं. तिथे स्टीअरिंग किंचित हलवत बटण दाबलं की सुटतं. यातलं काहीच ताईच्या गाडीत नव्हतं. तिची गाडी स्पष्ट सांगत होती की मला चावी ऐकू येत नाही.

शेवटी मी गाडी सोडली आणि ताईकडे बघायला लागलो. तिच्या शेजारच्या सीटवर बसलो आणि म्हटलं, "तू रोज जे करतेस तेच कर. मी आहे हे विसर." ती बसली. पर्स मागे टाकली. चावी गिअरजवळच्या खोबणीत. चष्मा बदलला. फोन पर्समधून काढून गिअरपुढच्या चार्जिंगच्या तबकडीवर ठेवला. पट्टा लावला. ब्रेक, बटण. चावी सापडत नाही. मी फोन उचलला आणि म्हटलं, "आता." गाडी सुरू झाली.

ती तबकडी तिने वर्षभरापूर्वी बाहेरून घेऊन बसवलेली, फोन नुसता ठेवला की चार्ज होतो अशी. ज्या सॉकेटला ती जोडली होती, तो तिच्या गाडीत इंजिन बंद असतानाही चालू राहतो. आणि असे चार्जर ज्या पट्ट्यात काम करतात तो साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्झचा. गाडीची १२५ किलोहर्ट्झची हाक नेमकी त्याच्या पोटात येते. तबकडी रिकामी असताना ती अधूनमधून नुसती चाचपणी करते. फोन ठेवला की पूर्ण जोराने चालू होते. वीतभर अंतरावर पडलेल्या चावीच्या कानाशी तो गोंगाट, आणि त्यातून गाडीची नाजूक हाक ऐकायची. घाईच्या दिवशी फोन पर्समध्येच राहायचा, त्या दिवशी काही व्हायचं नाही. आणि मदतीसाठी मला फोन लावायला तिने तो तबकडीवरून उचलला, की गोंगाट थांबायचा. पहिल्या दिवशी चावी बटणाला टेकवली म्हणून गाडी सुरू झाली की फोन उचलला म्हणून, हे आता सांगता येणार नाही. कंपनीने बसवून दिलेले बरेच चार्जर दार उघडताना किंवा चावी शोधली जात असताना क्षणभर थांबतात, कारण ते बनवणाऱ्यांना हे भांडण ठाऊक आहे. बाहेरून आणलेल्या तबकडीला ते ठाऊक असायचं कारण नाही.

ताई हसली नाही. ती थोडा वेळ फोन तबकडीवर ठेवत आणि उचलत राहिली, प्रत्येक वेळी बटण दाबून खात्री करत. "म्हणजे मी वेडी नव्हते," ती म्हणाली. हे तिने ज्या तऱ्हेने म्हटलं, त्यावरून कळलं की मधल्या दिवसांत घरात तिला काय काय ऐकावं लागलं असेल. नीट ठेवत नसशील, नीट दाबत नसशील. बिघाड अधूनमधून येतो तेव्हा पहिला ठपका वापरणाऱ्यावर बसतो, आणि गाडी बाईची असेल तर जरा जास्तच लवकर बसतो. मला वाटतं या व्यवस्थेचं निदान करणाऱ्याने मीटर हातात घ्यायच्या आधी माणसाला शांतपणे विचारावं, तू आधी काय करतोस, मग काय करतोस, कुठे काय ठेवतोस. चावी फोनला चिकटून असते का? दोन्ही चाव्या एकाच पर्समध्ये असतात का? चावी घरात कुठे टांगतोस? गाडी भिंतीपलीकडेच उभी असेल तर दोघी रात्रभर एकमेकींना जागवत राहतात आणि सेल लवकर संपतो. काही नव्या चाव्या हालचाल थांबली की झोपी जातात. अशी चावी खोबणीत ठेवून कोणाची तरी वाट बघत अर्धा तास बसलात, तर गाडी ती ओळखत नाही, उचलून हलवली की ओळखते. हा दोष नाही. ती झोप मुद्दाम दिलेली आहे.

का दिली, ते कळल्यावर मन जरा दुभंगतं. २०११ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्या तपासल्या. एक अँटेना गाडीजवळ, दुसरा चावीजवळ, मधे ती हाक पुढे पोहोचवायची सोय, आणि दहाच्या दहा गाड्या उघडल्या आणि सुरूही झाल्या. चावी मालकाच्या खिशातच. कोडं फोडावं लागलं नाही, कुलूप मोडावं लागलं नाही, फक्त जवळ असण्याचा भास निर्माण केला. ज्या तोकड्या पल्ल्यावर सगळा भरवसा टाकलेला होता, तोच चोराला लांबवता येत होता. म्हणून मग झोपणाऱ्या चाव्या आल्या, धातूच्या जाळीचं अस्तर असलेल्या पिशव्या आल्या, आणि आता काही गाड्यांत लहरीला यायला किती वेळ लागला हे मोजून खरं अंतर काढणारी व्यवस्था येते आहे. एकीकडे ताईची मुठीतली चावी गाडीला दिसत नाही म्हणून मी कळवळतो, आणि दुसरीकडे ही गाडी इतक्या सहज विश्वास ठेवते याची भीतीही वाटते. तिने जास्त ऐकावं की कमी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक काळजी मात्र मी तिच्या डोक्यात घालून ठेवली आहे. इंजिन चालू असताना चावी गाडीबाहेर गेली तर गाडी ओरडते, पण इंजिन बंद करत नाही, आणि तेच योग्य आहे, नाहीतर चालत्या रस्त्यावर अनर्थ होईल. त्यामुळे चावी खिशात आहे म्हणजे गाडी बंद आहे, ही जुनी खूण आता कामाची नाही. शांत इंजिनाची गाडी बंदिस्त गॅरेजमध्ये चालू राहिली तर धूर घरात शिरतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. उतरताना बटण दाबून समोरचे सगळे दिवे विझलेले बघायचे, मगच दार.

तबकडी आता डाव्या बाजूला हलवली आहे आणि चावी पर्समध्येच राहते. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोन्ही चाव्यांचे सेल मुद्दाम काढून ठेवले आणि घरातल्या प्रत्येकाने गाडी उघडून सुरू करायची असं ठरवलं. भाचीने पहिल्या झटक्यात केलं. आई गाडी चालवत नाही, पण कधी मागे एकटी बसलेली असते, म्हणून तिनेही चावी हातात घेतली. पात्याने दार उघडलं की हॉर्न वाजायला लागेल, घाबरू नकोस, आत बसून चावी टेकवलीस की थांबेल, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं. खरी अडचण निघाली ती वेगळीच. हँडलच्या टोकाशी प्लास्टिकची टोपी असते, तिच्या खालून पातं घालून ती काढायची आणि मागे कुलपाचं भोक दिसतं. गाडी घेतल्यापासून ते भोक कोणी वापरलंच नव्हतं. आत धुळीची पुटं बसलेली, पातं निम्मं आत गेलं आणि अडलं. एवढा वेळ लहरी आणि चिपा यांच्यात डोकं घातल्यावर शेवटी एका साध्या कुलपाशी येऊन आम्ही थांबलो. ग्रॅफाइटची पूड सोडली, पातं आतबाहेर केलं, पुसलं, परत घातलं. बऱ्याच वेळाने ते कचकचत फिरलं आणि गाडी कर्कश ओरडायला लागली. आई दचकली नाही. तिने शांतपणे आत हात घालून चावी बटणाला लावली. आता उघडताना ते कुलूप सहज फिरतं, बंद करताना मात्र अजून अडतं, आणि दुसऱ्या चावीचं पातं त्यात नीट बसतं का, ते अजून बघायचं राहिलंय.